निर्णयाला पर्याप्त कारण असेल, तर तो निर्णय माझा कसा?

प्रश्न (कोथरूड)

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१४ च्या ‘मोनॅडॉलॉजी’ या छोट्या ग्रंथात पर्याप्त कारणाचे तत्त्व सांगितले आहे: एखादी गोष्ट अशीच का, वेगळी का नाही, याला पुरेसे कारण असल्याखेरीज ती घडत नाही. गेल्या महिन्यात आईला पुण्यात ठेवायचे की गावी भावाकडे, हे ठरवताना मी तीन रात्री वहीत दोन रकाने आखून बसलो होतो. अखेर ‘दम लागतो, गावात दवाखाना लांब’ ही ओळ भारी पडली. ते कारण पुरेसे होते म्हणावे, तर दुसरे काही ठरणे शक्यच नव्हते. पुरेसे नव्हते म्हणावे, तर निर्णय योगायोगाने झाला. या दोन्हींत मी कुठे आहे?

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

लायब्निझचे प्रसिद्ध उत्तर असे, की कारणे मनाला कल देतात, भाग पाडत नाहीत, कारण उलट निर्णयात तार्किक विसंगती नसते. मला हे अपुरे वाटते. विसंगती नसली म्हणून तो पर्याय माणसाच्या हाती होता, असे ठरत नाही. मात्र १७१५-१६ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ सॅम्युअल क्लार्कशी झालेल्या पत्रव्यवहारातल्या पाचव्या पत्रात त्याचा याहून मोलाचा मुद्दा सापडतो: तराजूवर वजने पडावीत तसे हेतू मनावर पडत नाहीत, कारण ते मनाचेच कल असतात आणि त्यांच्या योगे मनच कृती करते. तुमच्या वहीतल्या ओळीला स्वतःचे वजन नव्हते. ते तुम्ही दिलेत.

प्रतिसाद (औंध)

पण वजन देणारा स्वभाव कुठून आला? जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने इच्छास्वातंत्र्यावरच्या १८३९ च्या निबंधात हीच अडचण मांडली: मनासारखे वागता येते, पण मन हवे तसे घडवता येते का? टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरणच लिहिले आणि कर्माच्या साखळीतून सुटण्याची वाट आत्म्याच्या स्वातंत्र्यात पाहिली. ही वाट मला जवळची वाटते, तरी आत्म्याने अमुकच प्रेरणा का द्यावी, हा लायब्निझचा प्रश्न तिथेही उरतोच.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ती ओळ लिहिली तेव्हा स्वयंपाकघरात आई खोकत होती. दोन वर्षांपूर्वी तोच खोकला ऐकून मी खोलीचे दार लोटून घेतले होते. वजन मी दिले असेन, तर तेव्हा का दिले नाही, याचेही कारण मला द्यावे लागेल, आणि ते अजून सापडलेले नाही.