मदत हवी आहे: चांदीच्या नेकलेसमधली प्राजक्ताची फुलं उलटी होतायत

९२५ चांदीत प्राजक्ताच्या फुलांचा नेकलेस हातानं बनवतेय, देठांना शेवटी सोन्याचं पाणी देणारे. टेबलावर एकदम भारी दिसतो पण गळ्यात घातला की मधली फुलं गर्रकन फिरून पाठ दाखवतात. कड्या फुलाच्या बरोब्बर मध्यावर, दोन्ही बाजूंना डाक (सोल्डर) देऊन बसवल्यात. त्या आणखी बारीक करून बघितल्या तर हार ताठला आणि गळ्यावर बसेनाच. मागून जाड पत्रा लाव म्हणाले एकजण, पण वजन ४० ग्रॅमच्या वर न्यायचं नाही, आणि कोल्हापुरी साजासारखं ओवलेलं नको, साखळीच पायजे. कड्या मागून वरच्या पाकळ्यांजवळ घेतल्या तर फुलं सरळ राहतील का बिजागरीच करावी लागेल? आणि एवढं बारीक काम कोल्हापुरात गुजरीत, सराफ बाजारात कुणी करतं का चांदीच्या कामाचं गाव हुपरीच गाठू?