मदत हवी आहे : सागरी रसायनशास्त्रातील संशोधनाची वाट

नमस्कार. माझी पुतणी पुण्यात रसायनशास्त्रात एम. एस्सी. करते आहे आणि पुढे तिला समुद्राच्या रसायनशास्त्रावर व परिसंस्थेवर संशोधन करायचे आहे. मुठेच्या पाण्यातील विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने (नमुन्यात थेंबाथेंबाने रसायन घालून) मोजताना, शेवटच्या एका थेंबासरशी स्टार्चचा निळा रंग नाहीसा झालेला तिने पाहिला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात अरबी समुद्रच आहे. तिथे साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ संपतो, काही जिवाणू त्याऐवजी नायट्रेटवर श्वसन भागवतात आणि हिवाळ्यात वरच्या थरात हिरव्या नॉक्टिल्युका या एकपेशीय सूक्ष्मजीवाची दाट वाढ होते. यात रसायनशास्त्र कुठे संपते आणि जीवशास्त्र कुठे सुरू होते, हे मलाही सांगता येत नाही.

गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तर इथे पाषाणला आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) हवामानाच्या अंगाने हिंदी महासागराचा अभ्यास होतो. तिने नेट उत्तीर्ण होऊन पीएच.डी.साठी थेट गोव्याचा प्रयत्न करावा, की आधी पाषाणला एखादा प्रकल्प करून आकडेवारी हाताळण्याचा सराव करावा? संशोधन नौकेवर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या कोणी, विशेषतः मुलींनी, अनुभव कळवल्यास आभारी राहीन. (तिला बोट लागते, हे वहिनींना अजून ठाऊक नाही.)