कशाला कोणता ग्लू? लाकूड, चिनी माती, रबर, प्लॅस्टिक, पुस्तक... सल्ला हवाय

रिकामी दुपार:
दुरुस्तीला बाजूला ठेवलेल्या वस्तूंचा ढीग झालाय, या सुट्टीत सगळं उरकायचंय. लाकडी खुर्चीचा पाय सांध्यातून हलतोय, कपाचा कान तुटलाय (सरळ तुकडा, चुरा नाही), बुटाचा सोल पुढून उघडलाय, बादलीला उभी चीर गेलीय आणि एका जाड पुस्तकाची पानं सुटलीत. प्रत्येक ट्यूबवर सगळं चिकटतं असंच लिहिलेलं असतं. एकातच भागेल का? नसेल तर कशाला काय घेऊ?

रंधा:
एकात नाही भागणार. ट्यूब नंतर बघा, आधी वस्तू काय शोषते आणि जोडावर ताण कसा येणार ते बघा.

खुर्चीला साधा पांढरा फेविकॉल म्हणजे पीव्हीए, घरातल्या लाकडाला याहून भारी काही लागत नाही. तो लाकडाच्या रंध्रांत शिरतो, त्यातलं पाणी लाकूड पिऊन टाकतं आणि नीट बसलेला जोड इतका पक्का होतो की ओढलं तर शेजारचं लाकूड फाटेल पण जोड सुटणार नाही. पण जुना ग्लू पूर्ण काढायचा, बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. वाळलेल्या थरावर नवीन फेविकॉल धरत नाही कारण त्याला शिरायला लाकूडच उरलेलं नसतं. म्हणून सांध्यात वरून थेंब सोडू नका, पाय आख्खा बाहेर काढा, जुना थर कोमट पाण्याने किंवा व्हिनेगरने मऊ करून खरवडा, पॉलिश पेपर मारा आणि लाकूड खडखडीत वाळू द्या. मग दोन्ही बाजूंना पातळ लावून बसवा आणि आवळा. क्लॅम्प नसेल तर पायांभोवती दोरी गुंडाळून तिच्यात काठी घालून पीळ द्या, मस्त आवळलं जातं. तासभर तरी तसंच ठेवा, बसायचं मात्र 24 तासांनी. सांधा मुळातच ढिला झाला असेल तर पीव्हीए फट भरत नाही, तिथे लाकडाची पातळ कपची घाला नाहीतर इपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून लावायचा ग्लू) वापरा. आणि खुर्ची पावसात राहणार असेल तर डबीवर डी4 (पाण्यात टिकणारा प्रकार) लिहिलेलं बघून घ्या, साधा फेविकॉल पाण्याने मऊ पडतो.

खटपट्या:
रंध्याशी सहमत. कपाबद्दल मी सांगतो, कारण तिथे सगळे सुपरग्लूकडे धावतात. तो ओलाव्याने घट्ट होतो, पृष्ठभागावर जी किंचित दमट हवा असते तेवढी पुरते, म्हणून थर अगदी पातळ लागतो, भसकन ओतला तर उलट उशीर लागतो आणि आजूबाजूला पांढरट डाग पडतात. सरळ ओढ चांगली सोसतो पण दणका बसला की तडकतो आणि साधारण 80 अंशांच्या आसपास ढिला पडायला लागतो. त्यामुळे चिनी मातीला दोन ट्यूबवालं इपॉक्सी बरं. दोन्ही पॅकवर लिहिलेल्या प्रमाणातच घ्या, हार्डनर (घट्ट करणारी दुसरी ट्यूब) जास्त घातलं म्हणजे लवकर पक्कं होतं हा गैरसमज आहे, ते अर्धवट मऊ राहतं. घाई नसेल तर 5 मिनिटांत सेट होणाऱ्यापेक्षा हळू वाळणारं घ्या, सहसा जास्त मजबूत असतं.

पण कळकळीने सांगतो, त्या कपातून गरम काही पिऊ नका. साधं इपॉक्सी खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी नसतं, आणि भरलेल्या कपाचा कान हातात राहिला तर भाजेल. पेनं ठेवा त्यात.

रिकामी दुपार:
कप पेनांना दिला 🙂 बादलीच्या तळाला त्रिकोणात 5 आहे आणि खाली पीपी. याचा काही उपयोग?

खटपट्या:
खूपच उपयोग! 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते आणि 2, 4 नंबरवालं पॉलिथिलीन ही ग्लूशी वैर असलेली प्लॅस्टिकं. तेलकट तव्यावर पाणी कसं थेंब थेंब होऊन बसतं तसा ग्लू यांच्यावर पसरतच नाही, वाळला की नखाने सोलून निघतो. यांच्यासाठी आधी प्रायमर फिरवायचा सुपरग्लू मिळतो, छोट्या वस्तूला ठीक आहे, पण 15 लिटर पाणी म्हणजे 15 किलो वजन, तेवढं त्या चिरेवर नको. पीपी जोडायचं तर वितळवूनच, त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी लावून वेल्डिंग करतात. मी असतो तर बादली कोरड्या सामानाला ठेवली असती.

3 नंबर म्हणजे पीव्हीसी, त्याला पाइपवाल्यांचं सॉल्व्हंट सिमेंट. 6 नंबरच्या कडक प्लॅस्टिकला सुपरग्लू चालतो, पण 6 चाच फुगवलेला प्रकार म्हणजे थर्मोकोल, त्याला सॉल्व्हंटवाला कुठलाही ग्लू लावू नका, विरघळून खड्डा पडतो. तिथे फेविकॉल.

पानगळ:
पुस्तकाला सेलोटेप अजिबात नको, पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. पानं एकसारखी ठोकून घ्या, कण्यावर पीव्हीएचा पातळ हात फिरवा, बाजूला मेणकागद लावून रात्रभर वजनाखाली. पुस्तक जुनं, जपून ठेवायचं असेल तर स्टार्चची खळ वापरा, पुढे कधी पाण्याने सोडवता येते.

चालता_बोलता:
बुटाला रबरवाला कॉन्टॅक्ट ग्लू, सनमायकाला लावतात तोच. सोल दरवेळी वाकतो आणि सुपरग्लू वाळला की ठिसूळ होतो, म्हणून तो नको. आतली घाण काढा, दोन्हीकडे पॉलिश पेपरने खरखरीत करा, दोन्हीकडे ग्लू लावा आणि थांबा, 10-15 मिनिटं, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. लोक ओला असतानाच दाबतात आणि मग ग्लूला नावं ठेवतात. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, नेम धरून टेकवा आणि जोरात दाबा, इथे किती वेळ दाबलं यापेक्षा किती जोरात दाबलं ते महत्त्वाचं. खिडकी उघडी ठेवा, जवळ काहीही पेटतं नको.

रिकामी दुपार:
सगळ्यांचे मनापासून आभार, फेविकॉल आणि कॉन्टॅक्ट ग्लू आजच आणते. सुपरग्लूची एक ट्यूब घरात आहेच, बोटं चिकटली तर काय करायचं? हातमोजे घालू का?

रंधा:
घाला, पण सुती नकोत! सुपरग्लू कापसावर किंवा लोकरीवर सांडला तर इतका झपाट्याने घट्ट होतो की धूर निघतो आणि कातडी भाजते. नायट्राइलचे (पातळ रबरी) घाला. बोटं चिकटलीच तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू एकमेकांवर फिरवत सोडवा, नाहीच सुटली तर थोडं नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन. डोळ्याला लागलं तर अ‍ॅसिटोन वगैरे काही नाही, कोमट पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर.