कचरा डेपोतली वीज: उपाय की पळवाट?

रानवारा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "कचरा कितीही साचू द्या, त्याच्याच गॅसवर शहर उजळेल." राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. अन्न पुरलं की ते भराभर कुजतं. गॅसच्या विहिरी (ढिगातला गॅस ओढून घेणारे खोल पाइप) आणि वरचं आच्छादन येईपर्यंत बराचसा मिथेन, म्हणजे कुजताना निघणारा नि वातावरण तापवणारा जळाऊ वायू, उडून गेलेला असतो. अमेरिकेच्या ईपीएचा (सरकारी पर्यावरण संस्थेचा) २०२३ चा अंदाज आहे की पुरलेल्या अन्नातला ६१ टक्के मिथेन हाती लागतच नाही. हिला हरित वीज कसली म्हणता?

यंत्रमित्र: म्हणून उरलेलाही हवेत सोडायचा? इंग्लंडमधल्या लॉस्कोत १९८६ साली हाच गॅस जमिनीखालून सरकत एका बंगल्यात शिरला आणि बंगला उडाला. पुरलेला कचरा तुमच्या रागाने कुजायचा थांबत नाही.

फिटरदादा: यंत्रमित्र, या गॅसवर वीज बनवणारं इंजिन कधी उघडून पाहिलंत? मी सहा वर्षं तेच केलं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं की पिस्टनवर पांढरा, टणक थर. खरवडला तर वाळूसारखा कचकचतो. शांपू-क्रीममधलं सिलोक्सेन गॅससोबत येतं आणि जळून त्याची सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, होते. फिल्टर मागून थकलो, व्हॉल्व्ह जळाल्यावर ओरडा मात्र मलाच.

यंत्रमित्र: हा दोष गॅसचा की फिल्टर न घेणाऱ्यांचा? सक्रिय कोळशातून, म्हणजे असली घाण शोषून घेणाऱ्या खास कोळशातून, गॅस गाळता येतो.

फिटरदादा: येतो ना! पण तो कोळसा सारखा बदलावा लागतो. विजेचा हिशेब मांडताना तो खर्च कोण धरतं?

यंत्रमित्र: धरायला हवा. पण तेवढ्यावरून प्रकल्पच मोडीत काढू नका.

मीरा: सिलिका पुरे आता! मी डेपोच्या कुंपणाशेजारी वाढले. जास्त विजेच्या हव्यासापायी गॅस इतका ओढला की हवा आत शिरली आणि ढिगाच्या पोटात आग धुमसली. आई आठ दिवस खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबत होती. धाकट्याचा खोकला महिनाभर हटला नाही.

यंत्रमित्र: ते वाईटच झालं. विहिरीतला ऑक्सिजन वाढला की ओढ कमी करायची, हा या कामातला पहिला धडा. तिथे चुकलंच, मान्य.

रानवारा: बरं, जुन्या ढिगांवर इंजिनं लावा, एवढं मीही मानतो. पण इंजिनाला गॅस हवा म्हणून नवा ओला कचरा तिथे ओतू नका. तो बंद टाकीत कुजवा, गॅस तिथेही मिळतो.

यंत्रमित्र: हे आधीच लिहिलं असतंत तर मी भांडलोच नसतो.

फिटरदादा: आणि फिल्टर इंजिनाच्या आधी घ्या.