मदत हवी आहे: लेट्रोझोल आणि कोलेस्टेरॉलची गोळी सोबत घेणाऱ्यांनी कृपया सांगा

नमस्कार मंडळी. आम्ही चोपड्याचे. आई ६३ वर्षांची, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेली. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर वाढणारी) होती, म्हणून हार्मोनच्या गोळ्या आहेत: आधी टॅमॉक्सिफेन दिली, आता लेट्रोझोल चालू आहे. गोळी बदलल्यावर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलं, म्हणून रात्री ॲटोर्व्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुरू झाली. टॅमॉक्सिफेन कोलेस्टेरॉल खाली ठेवते, ती सुटली की आकडा चढू शकतो, असं डॉक्टरांनी समजावलं.

तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर 'कोलेस्टेरॉल हेच कॅन्सरचं खाद्य' असा मेसेज फिरला. तेव्हापासून आईने तूप, शेंगदाणे सोडले. भरताला तेलाची फोडणीही चालत नाही, ताट पुढे केलं की 'माले नको'. वजन उतरतंय आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मेसेज पूर्ण खोटाही नाही. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना आवरण बांधायला कोलेस्टेरॉल लागतंच. त्यापासून शरीरात तयार होणारं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल इस्ट्रोजेनसारखं वागून आईसारख्या हार्मोन पॉझिटिव्ह गाठी वाढवतं, हे २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. पण आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि शेंगदाणा तेलात तर ते नसतंच. फोडणी बंद करून गाठ कशी उपाशी राहणार? लेट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेनची तुलना करणाऱ्या बीआयजी १-९८ या मोठ्या चाचणीच्या २०१७ च्या विश्लेषणात, हार्मोनच्या गोळ्यांसोबत कोलेस्टेरॉलचं औषध सुरू झालेल्या बायकांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. मात्र ते औषध कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून आम्ही ही गोळी हृदयासाठीच धरतो.

खरी अडचण दुखण्याची आहे. सकाळी बोटं आखडतात, ते लेट्रोझोलमुळे असं सांगितलंय. आता मांड्या-पोटऱ्याही दुखतात, जिना चढवत नाही. स्टॅटिननेही स्नायू दुखतात. दोन्ही गोळ्या चालू असताना दुखणं कशाचं, हे तुमच्याकडे कसं ओळखलं? सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), व्हिटॅमिन डी, थायरॉइड तपासलं का? स्टॅटिन बदलून फरक पडला का? लघवी गडद झाली (स्टॅटिनने स्नायूंना जास्त इजा झाल्याची खूण) तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलंय. तसं काही नाही. आपल्या मनाने एकही गोळी थांबवलेली नाही. पुढच्या भेटीत हे सगळं विचारणारच आहे.

आणि जळगाव-धुळ्याकडे कॅन्सर पेशंटचा आहार आपल्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी-भाजीत बसवून देणारे आहारतज्ज्ञ कोणी पाहिलेत का? आई माझं ऐकत नाही, त्यांचं ऐकेल.