शब्दचर्चा: 'समाज्वानेत्स' म्हणजे तोतयाच का?

पुश्किनच्या 'बोरिस गोदुनोव' या रशियन नाटकातले काही प्रवेश मराठीत करतोय. रशियाचा झार 'भयंकर' इव्हान, त्याचा धाकटा मुलगा दिमित्री १५९१ मध्ये उग्लिचला मेला. तो खून बोरिसनेच करवला असं नाटक धरून चालतं (इतिहासकारांत एकमत नाही, ते सोडा), आणि १५९८ला झार झालेल्या बोरिसला तेच आतून खातंय. तेवढ्यात ग्रिगोरी नावाचा मठातून पळालेला साधू 'मीच दिमित्री' म्हणत पोलंडच्या बाजूने फौज घेऊन येतो. त्याला रशियनमध्ये 'समाज्वानेत्स' म्हणतात, म्हणजे स्वतःच स्वतःला नाव देणारा. मी 'तोतया' लिहिलंय. मित्र म्हणतो, 'स्वयंघोषित राजपुत्र' कर. काय बरं?

— तोतयाच. पानिपतावर १७६१ मध्ये भाऊसाहेब पडले, तरी ते जिवंत असल्याच्या वावड्या थांबेनात. त्यातून तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याने कोकणात केवढी धामधूम केली! केळकरांच्या नाटकाचं नावच 'तोतयाचे बंड'. इतका नेमका शब्द घरात असताना 'स्वयंघोषित' कशाला? तो वाचला की मला फ्लेक्सवरचे गल्लीतले नेते दिसतात.

— शब्दाला हरकत नाही, सरसकट वापराला आहे. एक तर मराठीत तोतया कुणाचा तरी असतो: भाऊंचा तोतया, जनकोजींचा तोतया. नाहीतर हल्लीच्या बातम्यांतला तोतया पोलीस. रशियन शब्द असा कुणाला टेकून उभा नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. संवादाआधी पात्राचं नाव छापतात, ते पुश्किन बदलत नेतो. मठात तो ग्रिगोरी, पुढे समाज्वानेत्स. कारंज्याच्या प्रवेशात तो मारिनाला, म्हणजे ज्या पोलिश सरदारकन्येवर त्याचं मन जडलंय तिला, आपण राजपुत्र नसल्याचं सांगून बसतो, ती त्याला झिडकारते, आणि तो ताठ मानेने बोलायला लागतो तिथे नाव येतं दिमित्री! खोटेपणा नुकताच कबूल केलाय आणि नाटककार त्याला खऱ्या राजपुत्राचं नाव देतोय. तिथे 'तोतया' छापलंत तर प्रवेशच गेला. त्या बोलण्यात तो म्हणतो की इव्हानच्या छायेने मला दत्तक घेतलं, थडग्यातून माझं नाव दिमित्री ठेवलं. ही ओळ मराठीत फार छान बसेल. आपल्याकडेही दत्तक गेलं की नाव बदलतं आणि गादीवर हक्क येतो.

— पटलं. तो प्रवेश पुन्हा करतो. जाता जाता: निकोल्का या 'युरोदिवी'ला, म्हणजे देवाच्या नादात वेडा झालेल्या साधूला, काय म्हणू? बोरिसला तोंडावर 'तू छोट्या राजपुत्राला मारलंस' म्हणणारा तो एकटाच. 'वेडा' फार तोकडं वाटतं.

— 'अवलिया' नको, त्यात आता कौतुकच उरलंय. 'देवपिसा' बघा. बालोन्मत्तपिशाचवृत्ती (बालकासारखं, वेड्यासारखं, पिशाचासारखं वागणं) म्हणतात तीच ही, पण तेवढा समास रंगमंचावर कोण म्हणणार! पोरं त्याचा कोपेक (रशियन पैसा) पळवतात, त्यांच्या तोंडी 'येडा' चालेल.

— आणि जंगलातल्या प्रवेशात घोडा मरायला टेकलाय तिथे 'ल्झेदिमित्री' छापलंय. 'खोटा दिमित्री' ना?

— हो, नावाच्या जागी तेच. लोक आपसात बोलतात तिथे 'दिमित्रीचा तोतया' म्हणा, अगदी भाऊंच्या चालीवर.