मदत हवी आहे: परत मागवलेल्या कालवांचा लॉट सुट्या डब्यांत ओळखायचा कसा?

नोरोव्हायरसमुळे (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) गोठवलेल्या कालवांचा एक लॉट परत मागवला आहे. घोळ असा की लॉट नंबर आणि काढणीची तारीख फक्त बाहेरच्या खोक्यावर. आतल्या पिशव्या कोऱ्या. माल डब्यांत भरला की कुठला डबा कुठल्या लॉटचा, हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून सगळे संशयित डबे दुहेरी पिशवीत बांधून, 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून फ्रीझरच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवले आहेत.

'नीट शिजवून वापरा' हा सल्ला कृपया नको. उणे १८ अंशांत हा विषाणू टिकतो, आणि पटकन वाफवूनही मरत नाही; गाभ्यात ९० अंश सेल्सियस ९० सेकंद राहायला लागतं. (सॅक्सिटॉक्सिन, म्हणजे शिंपल्यांत साचणारं शैवालाचं विष, असतं तर तेवढ्यानेही भागलं नसतं, ते शिजवून जात नाही.)

पुढच्या मालाचं सांगायचं तर, चिकटपट्टीवरचं लेबल हिम धरलं की सुटतं, शाई पसरते. मग खोक्याचाच लॉटवाला तुकडा कापून पारदर्शक पिशवीतून डब्यात टाकणं पुरतं का? शिवाय सांडलेल्या पाण्याचा कप्पा १००० पीपीएम क्लोरीनने पुसायचा आहे (५ टक्के ब्लीच १ भाग, पाणी ४९ भाग), पण गार पत्र्यावर द्रावण लगेच गोठतं. फ्रीझर बंद करून, कप्पा कोमट झाल्यावरच पुसता का?